गाळलेलं वाक्य

९ जानेवारी

बाबा,

नमस्कार. आत्यालाही. कंपाउंडर काकांना वेगळा नमस्कार, कारण हे पत्र त्यांच्याच आवाजात तुमच्यापर्यंत पोचणार आहे. काका, दवाखान्यात पेशंट बसले असतील तर आधी ते उरका. पत्र कुठे पळून जात नाही.

फोन तुम्ही उचलणार नाही हे मला आता समजलं आहे. आधी मी किती वेळा केला ते मोजायचे, मग मोजणं सोडलं. आत्या म्हणाली, "फोनचं सोड. पत्र टाकून बघ. आलेला कागद न ऐकता परत करायची त्याची रीत नाही." म्हणून लिहिते आहे.

मी नव्या साइटवर आले आहे. कंपनी तीच. एक बंद पडलेलं वीजघर आहे, त्याची चिमणी उतरवायची आहे. उंची एकशे बासष्ट मीटर. तुम्हाला मीटर सांगितले की तुम्ही कान खाजवायला लागता, म्हणून असं सांगते : तुम्ही उतरवलेली सगळ्यात उंच चिमणी सत्तर मीटरची होती. तशा दोन एकावर एक ठेवा आणि वर सात मजली इमारत चढवा. सुरुंग लावून आडवी करता येत नाही. एका अंगाला चालू कारखाना, दुसऱ्या अंगाला वसाहत. पडायला जागाच नाही. त्यामुळे वरून खाली, फोडत फोडत.

काका, हे तुमच्यासाठी, बाबांना झोपेतही माहीत आहे. चिमणी म्हणजे काँक्रीटची गोल, पोकळ भिंत. तिच्या टोकाला चहूबाजूंनी गोल मचाण बांधलेलं असतं. त्यावर उभं राहून सहा माणसं भिंत फोडतात. फोडलेला माल बाहेर टाकत नाहीत, आतल्या पोकळीत टाकतात. तो सरळ तळात जातो. तळाला ट्रक आत जाईल एवढं दार पाडलेलं आहे, तिथून लोडर ढीग उपसतो. वरून टाकणं आणि खालून उपसणं कधीही एका वेळी नाही, हा पहिला नियम. सकाळी टाकायचं, एक ते अडीच उपसायचं, मग पुन्हा टाकायचं.

मी सुरक्षा अधिकारी आहे. पक्की. हे तुम्हाला आत्याने सांगितलं असेल.

मी पाळण्याच्या खोलीबाहेर एक फळा लावून घेतला आहे. पाळणा म्हणजे माणसं वर नेणारी लिफ्ट. फळ्याचे दोन भाग, "वर" आणि "जमिनीवर". प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला. वर जाताना बिल्ला "वर" टांगायचा, उतरला की "जमिनीवर". एकूण वीस बिल्ले. दुपारी लोडर बाहेर आला की मी फळा बघते, बिल्ले मोजते आणि वॉकीटॉकीवर सांगते, "तळ मोकळा आहे." त्यानंतरच वरून टाकतात.

मुकादम तुमचेच जुने जोडीदार आहेत. पहिल्या दिवशी फळा बघून म्हणाले, "मॅडम, आमच्या आईने पण आम्हाला एवढं मोजलं नाही हो. आणि तिला नऊ होते." सगळे हसले. मीही हसले. मग ते हळूच म्हणाले, "बाप कसा आहे?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

ते चहा प्यायला निघून गेले.

त्या कागदाबद्दल मी आज लिहिणार नाही.

तुमची मुलगी

२४ जानेवारी

बाबा,

आत्याचा फोन आला होता. तुम्ही पाठ फिरवून ऐकलंत म्हणे, आणि शेवटी फक्त "आधी गर्दी उरका म्हणते, आणि कंपाउंडरने खरंच चार पेशंट उरकले" एवढंच बोललात. एवढं पुष्कळ आहे.

काम रोज दीड मीटरच्या आसपास चाललं आहे. काल बंद ठेवलं. वारा जास्त होता. मचाणावर वाऱ्याचं यंत्र आहे, आकडा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की काम थांबवायचं असं लिहिलेलं आहे. मुकादम म्हणाले, "हा वारा नाही मॅडम, ही झुळूक आहे. ह्याने माझी टोपीपण उडत नाही."

मी म्हटलं, "टोपी नाही, हेल्मेट आहे ते. आणि पट्टा बांधलाय म्हणून उडत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "बसली!" आणि सगळे खाली आले. मला आनंद झाला, आणि मग दिवसभर वाटत राहिलं की यंत्रच चुकीचं दाखवत असेल तर उगाच एक दिवस गेला. संध्याकाळी दुसरं यंत्र आणून तपासलं. बरोबर होतं.

मी रोज दोनदा वर जाते. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मला वर भीती वाटते. पाळण्यात चढताना डाव्या हाताने जाळी धरते, आणि उजव्या हातातल्या वहीत बघत राहते, म्हणजे खाली बघावं लागत नाही. वर गेल्यावर एकेकाचा हूक हाताने ओढून बघते. त्याआधी हूक अडकवायचा दोर बघते. दोर माणसाच्या बाजूलाच आहे ना, की काम सरकल्यावर मागेच राहून गेला, हे आधी. तुमच्या वेळी तो दुसऱ्या बाजूला राहिला होता.

काका, वरचं वाक्य वाचलंत ना? नसेल तर कृपया वाचा.

एका गोष्टीवरून माझा आणि मुकादमांचा वाद चालू आहे. मी "तळ मोकळा आहे" सांगितलं तरी ते लगेच मोठा तुकडा ढकलत नाहीत. आधी मुठीएवढा एक खडा टाकतात. मग दहापर्यंत मोजतात. मगच मोठे. दिवसातून दोनदा, आणि मध्ये थांबलं तर पुन्हा. मी विचारलं, हे कोणत्या नियमात आहे?

"नियमात नाही. तुझ्या बापाची सवय आहे. त्याच्या हाताखाली शिकलो, आता हात आपोआप जातो."

"पण तळात कोणी नसेलच, तर इशारा कोणाला?"

"जो नसेल त्याला," मुकादम म्हणाले.

मला ते उत्तर पटलं नाही. खड्यानेही माणूस मरू शकतो, शिवाय पद्धतीवर विश्वास नसल्यासारखं दिसतं. मी वहीत लिहून ठेवलं आहे, पुढच्या बैठकीत हे बंद करायला सांगायचं.

इथे गॅस कटर चालवणारा एक माणूस आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. हाडं मोजून घ्यावीत असा आहे. काँक्रीटबरोबर लोखंडी सळ्या येतात, त्या लोडरच्या बादलीत अडकतात, तर तो आत जाऊन त्या कापून मोकळ्या करतो. त्याचा बिल्ला सर्वात स्वच्छ, कारण तो कधी वर जातच नाही. मला म्हणाला, "माझा बिल्ला तुम्ही खिळा मारून जमिनीवर ठोकून टाका, बघायचा त्रास वाचेल." मी हसले. ते मला खरंच सोयीचं वाटलं.

जपून राहा. कंबरेच्या व्यायामाचा कागद आत्याकडे आहे.

तुमची मुलगी

११ फेब्रुवारी

बाबा,

विशेष काही नाही. काम दोन दिवस बंद आहे. वाऱ्यामुळे. मी बरी आहे. सवड मिळाली म्हणून चार ओळी लिहिल्या.

तुमची मुलगी

१३ फेब्रुवारी

बाबा,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वारा नव्हता.

दहा तारखेला दुपारी अडीचला पैलवान चिमणीच्या तळात असताना वरून माल पडला. तो जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे काकांना वाचताना धाप लागायला नको. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली, खांदा निखळला, पाठीवर टाके आहेत. डॉक्टर म्हणतात चालेल, पण वर्ष जाईल.

आता जसं झालं तसं लिहिते. चार वेळा कच्चं लिहून बघितलं. दर वेळी मी त्यात थोडी कमी दिसत होते, म्हणून फाडलं.

लोडरने शेवटची खेप काढली आणि बाहेर येऊन थांबला. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला. आतल्या भिंतीला दोन सळ्या लोंबत राहिल्या होत्या. त्या उद्या बादलीत अडकतील म्हणून पैलवान पुन्हा आत गेला. उरलेल्या ढिगामागे बसला आणि कटर चालू केला. कटरच्या आवाजात माणसाची हाक ऐकू येत नाही.

मी फळ्यासमोर होते. "वर" सहा बिल्ले. "जमिनीवर" चौदा. बेरीज वीस. लोडर बाहेर उभा दिसत होता. मी बटण दाबून म्हटलं, "तळ मोकळा आहे."

पैलवानाचा बिल्ला "जमिनीवर" होता. तो जमिनीवरच होता, बाबा. चिमणीच्या आत, पण जमिनीवरच. माझ्या फळ्याला दोनच जागा होत्या. आत गेलेल्या माणसाचा बिल्ला टांगायला मी खिळाच ठेवला नव्हता. फळा करताना माझ्या डोक्यात एकच होतं, माणूस वरून पडतो. खालच्या माणसावर वरून काही पडेल, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. पण फळा मी तुमचं पडणं डोळ्यांसमोर ठेवून केला.

आणि तो असा आत जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याला कितीतरी वेळा जाताना बघितलं होतं. लोडर आहे ना सोबत, असं वाटायचं.

मुकादमांनी आधी खडा टाकला. चिमणी आता एकशे वीस मीटर उरली आहे, तळाला पोचायला पाच सेकंद लागतात. तो तळात पडलेल्या एका पत्र्यावर आपटला. कटरचा आवाज होता तरी पत्र्याचा ठणका त्याने ऐकला. कटर तिथेच टाकून दाराकडे पळाला. दहा मोजून झाल्यावर पहिला मोठा तुकडा आला, तोवर तो जवळजवळ दारात होता. तुकडा ढिगावर फुटला आणि त्याचा एक भाग उडून त्याच्या पायावर आला. खडा नसता तर तो ढिगामागेच बसलेला असता.

बैठक बारा तारखेला होती. खडा बंद करायचा मुद्दा माझ्या वहीत तिसरा होता.

मुकादम पाळण्यातून उतरले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ते म्हणाले, "पोरी, आधी खाली बस. उभी राहू नकोस." मी जमिनीवरच बसले. मग त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी पण रोज बघत होतो की हा. मलाही नाही दिसलं."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. मला ते फार बरं वाटलं, म्हणून.

तुमची मुलगी

१६ फेब्रुवारी

बाबा,

आजचं पत्र लांबेल. काका, हे एका बैठकीत वाचा, अर्धं उद्यावर ठेवू नका. आणि आत्याला बाहेर पाठवू नका. तुमच्या तिघांसमोरच वाचलं जावं असं मला वाटतं.

काल साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. तुमच्या वेळचेच साहेब. अहवाल तयार होता. पैलवानाच्या जबाबाचा एक कागद होता, त्यावर त्याचा अंगठा हवा होता. साहेब म्हणाले, "त्याला लिहिता-वाचता येत नाही. तू वाचून दाखव. तुझा आवाज त्यांना घरचा वाटतो."

मी कागद तिथेच वाचला. त्यात एक वाक्य होतं : "मी कोणालाही न विचारता, काम बंद झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने तळात गेलो."

मी म्हटलं, "साहेब, तो रोज जातो. सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि परवानगी वेगळी. परवानगीचा कागद आहे का? नाही. मग वाक्य खोटं कुठे आहे? आणि मी कोणासाठी लिहिलंय हे? तळ मोकळा आहे कोण म्हणालं? मी?"

मी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.

"वाचताना फार अडखळू नकोस," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी छान वाचलं होतंस."

बाबा, मागच्या वेळचं आता लिहिते.

पाण्याच्या टाकीवरून तुम्ही पडलात, त्यानंतर सहाव्या दिवशी मी दवाखान्यात तुमच्याकडे कागद घेऊन आले. तुम्ही विचारलंत, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. तारीख, जागा, उंची, फळी कशी सरकली, कोणी उचललं. त्यात मध्ये एक वाक्य होतं : "मी माझ्या बेल्टचा हूक स्वतःहून सोडला होता." ते वाक्य मी वाचलं नाही. त्याच्या आधीचं वाक्य संपवलं आणि त्याच्या पुढचं सुरू केलं. आवाजही बदलला नाही. तुम्ही अंगठा उमटवलात आणि मला म्हणालात, "किती भरभर वाचतेस गं."

तुम्ही हूक सोडला नव्हता. अडकवायला दोरच नव्हता. दोर टाकीच्या दुसऱ्या बाजूला राहिला होता. ते मला त्याच दिवशी माहीत होतं, कारण वर जाऊन फोटो मीच काढले होते.

नंतर ते वाक्य गँगमध्ये पसरलं. सव्वीस वर्षं उंचीवर काम केलेल्या माणसाने स्वतःचा हूक स्वतः सोडला, असं. तुम्हाला ते दुसऱ्यांकडून ऐकावं लागलं. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "त्यात असं होतं का?" आणि मी म्हणाले, "साहेब म्हणत होते, सही झाल्याशिवाय ऑपरेशनला मंजुरी मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही आत्याकडे गेलात.

काका, इथे थांबू नका, पुढे वाचा.

तेही खोटं होतं. ऑपरेशनची मंजुरी त्या दिवशी सकाळीच आली होती. मी येताना ती फाइलमध्येच घेऊन आले होते. मंजुरीचा आणि त्या सहीचा काही संबंध नव्हता. माझं शिकाऊपण संपायला एक महिना राहिला होता आणि साहेब म्हणाले होते, एवढं उरकून आण, मग तुझं पक्कं करून टाकू. त्यासाठीच मी ते वाक्य गाळलं. बाकी काही कारण नव्हतं. मी एक वर्ष सात महिने दुसरं एखादं कारण शोधते आहे, पण सापडत नाही.

आपल्या घरात वाचता येणारी मी एकटी. लाइटचं बिल, औषधाची बाटली, शाळेचा दाखला, आत्याच्या सासरची पत्रं, सगळं मीच वाचायचे. मी आठवीत असताना तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, "आता आपल्याला कोणी फसवू शकत नाही." ते मला त्या दिवशी दवाखान्यातही आठवत होतं. आठवत असताना वाचत होते.

आता कालचं.

मी दवाखान्यात गेले. पैलवानाची बायको उशाशी बसली होती. मी बसायच्या आधीच ती म्हणाली, "या सुरक्षा मॅडम. आज काय मोजायला आलात?"

पैलवान म्हणाला, "अगं, राहू दे."

"का राहू दे? वीस बिल्ले मोजता येतात, एक माणूस दिसत नाही?"

मी म्हटलं, "वहिनी, बरोबर आहे." त्यावर ती आणखीच चिडली. म्हणाली, "बरोबर आहे म्हणू नका. भांडा तरी."

मी कागद काढला आणि वाचायला लागले. हळू वाचलं. त्या वाक्याशी आले. बाबा, तुम्हाला खरं सांगते, जीभ आपोआप पुढच्या ओळीकडे गेली. एकदाच केलं तरी सवय लागते असं दिसतं. मी थांबले, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं : "मी कोणालाही न विचारता, काम बंद झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने तळात गेलो."

मग पैलवान म्हणाला, "असं लिहिलंय?"

"हो."

"मी तर ड्रायव्हरला सांगून गेलो. दोन सळ्या राहिल्यात म्हणून. तो हो म्हणाला."

"मला माहीत नव्हतं."

"मर्जीने म्हणजे? मला काय हौस होती तिथे बसायची?" तो हसायला गेला आणि खांदा दुखला म्हणून थांबला. "मग आता काय करू? अंगठा देऊ का नको? तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या."

मी म्हटलं, "देऊ नका."

वहिनी म्हणाली, "आणि मग औषधपाण्याचं?"

"ते ह्या कागदावर अवलंबून नाही. अपघात साइटवर झालाय, उपचार कंपनीलाच करावे लागतात. कोणी अवलंबून आहे म्हणालं तर त्याच्याकडून लिहून मागा."

ती म्हणाली, "एवढं सगळं माहीत असून तुम्ही त्या कंपनीतच कशा?"

मी कागद अंगठ्याशिवायच परत घेऊन आले.

आज सकाळी मी माझा जबाब लिहून कारखाना निरीक्षकांकडे दिला. साहेबांना आधी दाखवला, लपवून दिला नाही. त्यात लिहिलं आहे की तळ मोकळा आहे असं मी कळवलं. मी आत डोकावून बघितलं नव्हतं. फळ्यावर आत असलेल्या माणसासाठी जागा नव्हती आणि फळा मी केला होता. पैलवान रोज आत जातो हे मला आणि सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी तो दोनदा वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्यासारखी मुलगी पुन्हा मिळायची नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्याच्या वाट्याचं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नये."

मी म्हटलं, "साहेब, हे माझ्याच वाट्याचं आहे." माझा आवाज फार बारीक निघाला. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

तुमची मुलगी

६ मार्च

बाबा,

आत्या फोनवर म्हणाली की ते पत्र ऐकून तुम्ही उठलात आणि फाटकापर्यंत चालत गेलात, काठी न घेता. काकांनी पाण्याचा ग्लास घेतला तो हातातच राहिला. मी आत्याला विचारलं, रागावलेत का? ती म्हणाली, "मला काय माहीत? तुमच्या घरात कोणाच्या तोंडावर काही दिसतं का?"

इकडचं सांगते.

काम सतरा दिवस बंद होतं. निरीक्षक दोनदा येऊन गेले. मला जबाबदारीवरून काढलं आहे, चौकशी होईपर्यंत मी "तळ मोकळा आहे" म्हणू शकत नाही. नोकरी आज आहे, पुढचं माहीत नाही. साहेब माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात, आणि काम फार नाही.

पैलवानाच्या अहवालातून ते वाक्य निघालं आहे. निरीक्षकांनी ड्रायव्हरचा जबाब घेतला, त्याने खरं सांगितलं. पैलवानाच्या नावावर आता काही नाही. वहिनी अजून मला सुरक्षा मॅडमच म्हणते, पण परवा चहा दिला.

चिमणीची नवी पद्धत मुकादमांनी सुचवली. तळाच्या दाराला लोखंडी फाटक बसवलं आहे, त्याला एक कुलूप, एकच किल्ली. उपसून झालं की एक माणूस आत जाऊन ढिगाच्या चारही बाजूंनी फिरतो, हाक मारतो, बाहेर येतो, कुलूप लावतो. मग किल्ली पाळण्यातून वर जाते. किल्ली मुकादमांच्या हातात पडल्याशिवाय वरून काही येत नाही. मुकादम म्हणाले, "आता कोणी काही सांगायला नको, मोजायला नको. किल्ली वर आहे म्हणजे आत कोणी नाही." मी विचारलं, खडा टाकणं चालू ठेवणार का? ते म्हणाले, "म्हणजे काय!" निरीक्षकांनी तो नियमात लिहून घेतला. तुमचं नाव विचारत होते, मुकादमांनी सांगितलं.

सध्या आत फिरून हाक मारायचं काम माझ्याकडे आहे. त्याला अधिकारी लागत नाही. आत उभं राहून वर बघितलं की आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो, रोज थोडा मोठा होत जाणारा. मी चारही बाजूंना हाक मारते. उत्तर येत नाही तेव्हाच बाहेर येते.

आता मुख्य.

ह्या पत्रासोबत एक वेगळा कागद आहे. तुमच्या अपघाताचा जुना अहवाल दुरुस्त करावा म्हणून अर्ज आहे. दोर त्या बाजूला नव्हता, त्याचे मी काढलेले फोटो जोडले आहेत. हूक तुम्ही सोडला नव्हता असं लिहिलं आहे. जबाब वाचून दाखवताना एक वाक्य गाळलं गेलं, आणि ते कोणी गाळलं, हेही लिहिलं आहे. निरीक्षक म्हणाले, माझ्या एकटीच्या सहीने चालणार नाही. ज्याचा जबाब आहे त्याची संमती लागते.

तुम्ही अंगठा द्यावा असं मी म्हणत नाही. दिलात तर जुनं सगळं पुन्हा उकरलं जाईल, इथून कोणीतरी तुमच्याकडे येऊन प्रश्न विचारेल, आणि माझी नोकरी बहुतेक जाईल. ह्यातलं तिसरं तुम्ही विचारात घेऊ नका. नाही दिलात तर मी पुन्हा विचारणार नाही. पत्र मात्र लिहीन.

काका, तुम्ही माझं सगळं वाचलंत, एक शब्द न बदलता, असं आत्या सांगते. तरी हा अर्ज तुमच्या एकट्याच्या तोंडून नको. राग मानू नका. तुम्ही वाचा, मग शाळेतल्या कोणा शिक्षकांना बोलवा, त्यांना पहिल्यापासून पुन्हा वाचायला सांगा. तुम्ही दोघं काही बोलू नका, बाबांनाच ठरवू द्या.

बाबा, तुम्हाला वाचता येत नाही, पण मोजण्यात तुम्हाला कोणी हरवलेलं मी बघितलेलं नाही. प्रत्येक वाक्य संपलं की वाचणाऱ्याला थांबायला सांगा आणि एक बोट मिटा. अर्जात नऊ वाक्यं आहेत. एक बोट उघडं राहायला हवं. दोन राहिली तर अंगठा देऊ नका.

तुमची मुलगी